आखूड दिवसाचं औक्षण

बाबांचा जन्म वर्षातल्या सर्वांत आखूड दिवशीचा. त्यांना ओवाळायचं ते उन्हातच, हा आईचा नियम. नाशिकला गच्चीवर पाट मांडला की काम झालं. आई यंदाच्या उन्हाळ्यात गेली आणि बाबांना मी चंदिगडला घेऊन आले. इथे डिसेंबरातलं ऊन म्हणजे सरकारी साहेब. जागेवर सापडेल तर शपथ. पण आईवाचूनच्या पहिल्याच वाढदिवसाला तिचा नियम मोडायचा नाही, हे मी ठरवून टाकलं होतं.

त्या सकाळी धुक्यात समोरच्या घराचं फाटकही दिसेना. नवरा फौजेत, त्यामुळे आमच्याकडे भाजी आणायलाही आधी नकाशा पसरतात. त्याने जाहीर केलं, "धुकं खालीच असतं. कसौलीला चढलो की पक्कं ऊन!"

बाबा म्हणाले, "अरे, घरातच ओवाळा की." पण उत्सवमूर्तीला विचारतंय कोण?

मांडीवर ताम्हण घेऊन मी गाडीत बसले. घाट लागला आणि कळलं, ही युद्धनीती अख्ख्या चंदिगडला सुचली होती. गाड्यांची रांग हलेना. प्रत्येक गाडीत गॉगल चढवून ऊन शोधायला निघालेलं एकेक कुटुंब. लेक दर वळणाला "मम्मा, भूख लगी है" म्हणत होती, अक्षता सीटखाली सांडल्या होत्या, आणि नवरा आता नकाशाकडे बघायचंच टाळत होता.

तेवढ्यात शेजारणीचा फोन. "किथे हो जी? इत्थे ते धुप निकल आई!" आमच्याच अंगणात लख्ख ऊन पडलं होतं, आणि इथे घाटात गाडी वळवायलाही जागा नव्हती.

आम्ही धुक्याच्या वर पोचलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. ढाब्यासमोर गाडी थांबली आणि मला रडूच कोसळलं. आईची एवढी एक गोष्ट मला सांभाळता आली नव्हती.

"अगं वेडे," बाबा म्हणाले, "नियम कसला? तुझ्या आईला थंडी सोसायची नाही. पण कामं टाकून उन्हात बसलं तर लोक काय म्हणतील, ही धास्ती. म्हणून माझ्या वाढदिवसाचं निमित्त. ओवाळून झालं की माझ्याशेजारी तासभर बसून राहायची."

"आणि तुम्ही?"

"माझं उन्हात डोकं दुखतं. पण ती उठेपर्यंत मी कधी उठलो नाही."

निरांजनातलं तूप थिजून दगड झालं होतं. नवऱ्याने ढाब्याच्या चुलीपाशी ते पातळ करून आणलं आणि मी तिथेच, बाकावर बसवून, बाबांना ओवाळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा ऊन पडलं. बाबा अंगणात दोन खुर्च्या घेऊन गेले. एका खुर्चीत बसले, आणि ऊन जाईपर्यंत उठले नाहीत.