आत्याच्या धानाची ढोली

घरी पाहुणे जमले की मला गोष्ट सांगायला बसवतात, आणि आमच्या गावात वीज आली त्या उन्हाळ्याची गोष्ट हमखास मागतात. मी ती चांगली सांगतो. तीत मी एक अर्ज-मास्तर असतो. खांबासाठी अर्ज, तारेसाठी अर्ज, खांबाला म्हशी बांधू नयेत म्हणूनही अर्ज. गावातली पहिली विजेची राईस मिल सुरू झाली तेव्हा बटण दाबायचा मान मला मिळतो आणि दचकून मी कोंड्याच्या ढिगात बसतो. पाहुणे पोट धरून हसतात. मग एक वाक्य येतं, ‘आणि त्या गडबडीत चुकून आत्याचं बियाणंच कांडलं गेलं.’ तिथेही हसतात.

बाकीची गोष्ट खरी आहे. ते वाक्य खोटं आहे.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण, लेकरूबाळ नसलेली विधवा. तिचं गाव उत्तरेला जंगलात होतं. तिथं बाहेरदेशच्या लोकांनी धरण बांधलं, त्यात ते गेलं. सानगडीच्या बाजारापासून पायी तासाभरावर असलेल्या आमच्या गावात ती आली तेव्हा डोक्यावर एक बोचकं होतं. मला वाटलं लुगडी असतील. निघालं धान.

ते धान तिच्या गावाखेरीज कुठं पिकत नसे. भात शिजला की वासानं शेजारचं घर विचारायचं, आज काय आहे म्हणून. बुडालेल्या जमिनीच्या बदल्यात दुसरी जमीन द्यायचं सरकारनं कबूल केलं होतं. ती मिळेपर्यंत बियाणं जिवंत ठेवायचं, एवढं एकच काम आत्यानं अंगावर घेतलं होतं. आमच्या वावरातली कोपऱ्याची एक लहान बांधी, बांध घातलेला भाताचा तुकडा, ती दरवर्षी लावायची, आलेलं धान बांबूच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, भरायची आणि तोंड शेणमातीनं लिंपून टाकायची. त्यातला दाणा तिनं स्वतः कधी शिजवला नाही. सणालाही आमच्यासारखाच जाडा भात खायची.

“आत्या, जमीन कवा भेटन?” मी चिडवायचो.

“भेटन ना. पाण्यानं घेतली, कागदानं भेटन.”

“अन् नाही भेटली तर?”

“त तुह्या बांधीत लावत राहीन. मी हावो तवरी हाये ते. हे गेलं त माह्या गावाचं काहीच उरत नाही, बाबू.”

बाबा वारल्यावर आत्या माझ्याकडे राहिली. मी तिला सांभाळतो असं मी लोकांना सांगायचो. तिचं गाय राखणं, शेण काढणं, झाडणं, तिची रोवणी यांचा उल्लेख करायचा राहून जाई.

तर वैशाखात मिल सुरू व्हायची होती. वीज ऑफिसचे साहेब येणार होते. पूर्वी ते त्याच धरणावर कामाला होते. मिलच्या मालकानं मला विचारलं, “मास्तर, पहिलं धान कोणाचं टाकाचं? साहेब इथंच जेवतीन, भात वासाचा पाह्यजे.”

मी बोलून गेलो, “माझ्या घरचं.”

आमच्या घरी वासाचं धान नव्हतं. होतं ते आत्याचं.

आमच्याकडे कोणीही सांगेल, बियाण्याची ढोली चुकून उघडली जात नाही. तिला झाकण नसतं. वाळून दगड झालेलं लिंपण फोडावं लागतं. मी ते खुरप्यानं फोडलं. आत्या गाय घेऊन तळ्यावर गेली होती. बायको दारात उभी होती.

“आत्याबाईची हाये ते ढोली,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“मंग?”

“इतक्या वर्षांत जमीन मिळाली का? आता काय मिळते. भरून ठेवतो दुसरं.”

बायको आत गेली. मी ढोली तळापर्यंत रिकामी केली. दोन मुठी ठेवल्या असत्या तरी चाललं असतं. एका वर्षात त्यांचं सूपभर बियाणं झालं असतं. पण साहेबांबरोबर किती माणसं येतील याचा अंदाज नव्हता.

मिलमध्ये साहेबांनी धरणातली यंत्रं कशी जहाजातून आली, गोरे इंजिनीयर कसे चिखलात उतरून काम करत, ते सांगितलं. मी बटण दाबलं, कोंड्यात बसलो, सगळे हसले. हसणं थांबू नये म्हणून मी हळूच म्हणालो, “आमच्या आत्याचं वावर ज्या पाण्यात गेलं, त्याच पाण्याच्या करंटवर तिचंच धान कांडून राहिलो, साहेब.” साहेबांना ते फार आवडलं. त्यांनी मालकाला सांगितलं, मालकानं बाकीच्यांना.

तेवढ्यात आत्या आली. दिवा लागला की हात जोडायची तिची सवय. मिलच्या बल्बालाही तिनं हात जोडले. मग नाक वर करून उभी राहिली.

“कोणाचं धान होय रे, बाबू?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. आधीच्या हसण्यानं चेहरे अजून सैल होते.

“सरकारी आहे. नवीन जात,” मी म्हणालो.

“वास त चांगला हाये,” ती म्हणाली.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मीही हसलो.

साहेब पोटभर जेवले. तांदूळ जरा तुटला म्हणाले, मशीन नवीन आहे. उरलेला भात आत्यानं खाल्ला. ताट बोटानं निपटून खाल्लं. तो तिला चौदा वर्षांनी मिळत होता.

दुसऱ्या दिवशी मी ढोलीत शेतकी ऑफिसमधून आणलेलं सरकारी बियाणं भरलं आणि तोंड लिंपलं.

मृगाला आठ दिवस असताना कोतवाल कागद घेऊन आला. आत्याला जमीन मिळाली होती, लाखांदूरकडे, मुरमाड, पण जमीन. तिनं त्या कागदालाही हात जोडले आणि ढोलीपाशी जाऊन बसली. लिंपणावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

“हे बाईच्या हाताचं नोहे,” ती म्हणाली.

लिंपण फोडून तिनं एक दाणा दाताखाली धरला. मी मागे उभा राहून ‘चुकून’ हा शब्द जुळवत होतो. तो तेव्हाच पहिल्यांदा बोललो. “चुकून झालं, आत्या. गडबडीत.”

ती ढोलीकडेच पाहत होती. “त्या दिवशी मीनं खाल्लं ते?”

मी मानेनंच हो म्हटलं.

“मले सांगितलं असतं,” ती म्हणाली, “त खाल्लं नसतं.”

तिनं ते सरकारी बियाणं बोचक्यात बांधलं आणि एसटीनं गेली. त्या वर्षी तिनं तेच पेरलं. दुसरं काय पेरणार? दिवाळीनंतर कंडक्टरच्या हाती एक पिशवी आली, नव्या तांदळाची. नंतर ती असेपर्यंत दरवर्षी येत राहिली. निरोप नसे. बायको तो तांदूळ शिजवायची आणि पहिलं वाढप माझ्या ताटात करायची.

भात बरा असायचा. वास नसायचा.