अंगठ्याएवढा खळगा

आमच्या आटपाडीकडची माणसं देशात कुठंही गेली तरी बहुतेक एकच काम करतात. सोनं गाळतात. सोनाराकडचं मोडीचं, भेसळीचं सोनं मुशीत वितळवायचं, त्यातली घाण जाळायची आणि चकचकीत करून परत द्यायचं. ह्याला गलाई म्हणतात. मी नववीत शाळा सोडली आणि चुलत भावाच्या मागं बेंगळुरूला आलो, नगरत्पेटेत त्याच्या भट्टीवर. सात वर्षं काढली. मग तेजाबाच्या वाफेनं छाती धरली. डॉक्टर म्हणाले, हे काम सोडा. गावाकडं परत जायला तोंड नव्हतं. तेव्हा येलहंक्याच्या अण्णांनी मला त्यांच्या गॅरेजात घेतलं. मला पान्याचे नंबरसुद्धा माहीत नव्हते.

अण्णांचं घराणं इथं कित्येक पिढ्यांचं. घरात मराठी बोलतात, पण ते मराठी ऐकून पहिले दोन महिने मी नुसती मान हलवायचो. "तम्मा, तो दिवा स्वल्प वर धर, सरी?" तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं. माझ्या बोलण्याला अण्णा हसायचे, मी त्यांच्या. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणतो. चौदा वर्षं झाली, दुपारचं जेवण मी अक्कांच्या हातचं जेवतोय. हे आधी सांगितलं पाहिजे, म्हणजे पुढचं मी कुणाच्या घरात केलं ते कळेल.

आमच्या गॅरेजात जीपगाड्या लांबच्या प्रवासाला तयार होतात. कोरमंगल्यातली, हेब्बाळची कंपनीतली पोरं राजस्थानला, कच्छच्या रणात गाड्या घालायला निघतात. त्यांना टपावर दिवे पाहिजेत, मोठे टायर पाहिजेत. अण्णा दिवे लावून देतात, पण आधी बॉनेट उघडून एकेक वायर हातानं हलवून बघतात. वाळवंटात गाडी मोठ्या कारणानं मरत नाही, असं त्यांचं म्हणणं. फाटलेला होज पाइप, धुळीनं तुंबलेला फिल्टर, खडखडाटानं ढिला झालेला बॅटरीचा क्लॅम्प, असल्या बारक्या गोष्टींनी मरते. आणि किल्ली देताना प्रत्येकाला एकच सांगायचं. गाडी बंद पडली तर गाडी सोडून जायचं नाही. सावली तिथं, पाणी तिथं, आणि वरून शोधणाऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

अण्णांना एकच मुलगा. त्याला त्यांनी कधी गॅरेजात फिरकू दिलं नाही. शिकून तो ऑस्ट्रेलियाला गेला, कॉम्प्युटरच्या कामाला. तिथं पश्चिमेकडं मोठं वाळवंट आहे, लाल मातीचं. सुट्टीत लोक तिथं परवाना काढून मेटल डिटेक्टर घेऊन सोनं शोधतात. त्यालाही नाद लागला. त्यानं एक जुनी फोर व्हील ड्राइव्ह गाडी घेतली आणि एकटाच जायला लागला.

तो शेवटचा आला तेव्हा चार दिवस रोज गॅरेजात येऊन बसायचा. डिटेक्टरचं सांगायचा. कानाला हेडफोन, त्यात सारखी एक बारीक गुणगुण, आणि खाली धातू असला की ती गुणगुण जरा उचलते आणि पडते. दिवसभर खणून निघतं काय, तर खिळे, पत्र्याचे तुकडे, बंदुकीची जुनी काडतुसं. मी म्हटलं, मग सोनं ओळखायचं कसं? तो म्हणाला, खणल्याशिवाय कळत नाही. मला हसू आलं. म्हटलं, आमच्यात गाळल्याशिवाय कळत नाही. तो बराच वेळ हसला. त्याला माझ्या कामाचं खरोखर कौतुक होतं, तोंडदेखलं नव्हतं. मला असली माणसं फार भेटली नाहीत.

तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, बॅटरी आणि बेल्टचं तेवढं मला दाखव, माझी गाडी जुनी आहे. मी दहा-अकराचा पाना काढून त्याच्या हातात देणार, तेवढ्यात अण्णा आले. म्हणाले, तुला कशाला? शर्ट खराब होईल, तिकडं मेकॅनिक नसतात का? तो हसून बाजूला झाला. मी पाना परत जागेवर ठेवला. अर्ध्या तासाचं काम होतं. अण्णांच्या मागं दाखवता आलं असतं, पण मला तसं करायची भीती वाटली. माझं सगळं त्यांच्या जिवावर चाललेलं.

पुढच्या वर्षी बातमी आली. तो सुट्टीला गेला तो परत आलाच नाही. पाचव्या दिवशी सापडला, गाडीपासून अकरा किलोमीटरवर, मोठ्या रस्त्याच्या दिशेनं. गाडीत पाण्याचा कॅन अर्ध्याच्या वर भरलेला होता.

नंतर तिथल्या पोलिसांनी फोटो पाठवले. अण्णांनी फोन माझ्यासमोर धरला. बॉनेट उघडं होतं. बॅटरीची अर्थिंगची केबल क्लॅम्पच्या तोंडाशी तुटून लोंबत होती. तिथले मातीचे रस्ते पत्र्यासारखे लाटालाटांचे असतात, त्या खडखडाटानं तुटली असणार. केबल सोलायची, क्लॅम्पमध्ये घालायची, नट आवळायचा. आमच्याकडं नवा माणूस आठवड्यात शिकतो. अण्णांनी फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. मग त्यांनी त्या दिवशीच्या गाडीचं काम पुढं चालू केलं आणि मी त्यांना दिवा धरला.

दोन महिन्यांनी खोकं आलं. कपडे, डिटेक्टरचे हेडफोन, घड्याळ, आणि एका बारक्या डबीत त्याच्या शर्टाच्या खिशात सापडलेला एक खडा. चपट्या सुपारीएवढा. पिवळा, पण लाल मातीनं माखलेला, मधे गारगोटी अडकलेली. एका बाजूला गुळगुळीत खळगा होता, अंगठ्याचं टोक बरोबर बसेल एवढा. अक्का तो हातात घेऊन बसायला लागल्या. भाजी निवडताना डाव्या हातात खडा, खळग्यात अंगठा. हाताला लाल लागायचं, त्या पुसायच्या नाहीत.

भेटायला येणारे काहीबाही बोलायचे. एकानं सांगितलं, असले पिवळे दगड तिकडं ढिगानं मिळतात, सोनं नसतंच ते. दुसऱ्या दिवशी मला वाढताना अक्का म्हणाल्या, "तम्मा, तू सोन्यातला माणूस. त्याला खरं सापडलं होतं का रे? का उगाच फिरत होता?"

मी म्हटलं, बघून सांगतो. एवढंच विचारलं होतं त्यांनी. त्यांनी डबी माझ्या हातात दिली. अण्णा म्हणाले, जपून ने. मी वरच्या खिशात ठेवली आणि येलहंका ते नगरत्पेट बसमध्ये हात खिशावरून काढला नाही.

भावाच्या भट्टीवर गेलो. त्यानं खडा हातात तोलला, म्हणाला, कसोटीवर घासू का? दगडावर एक रेघ ओढली असती, वर तेजाबाचा थेंब, झालं असतं काम. पण आमच्यात रेघेवर कुणी विश्वास ठेवत नाही. वरून पिवळं आणि पोटात पितळ, असं आम्ही शंभरदा बघितलेलं. आणि दुसरं, आमच्याकडून गिऱ्हाइकाला माती लागलेलं सोनं कधी परत जात नाही. ती आमची लाज असते. आणि तिसरं म्हणजे मला अक्कांसाठी काहीतरी करायचं होतं. चौदा वर्षं जेवलो आणि त्यांच्यावर असा प्रसंग आल्यावर मला करता येईल असं जगात हे एकच काम होतं.

मी म्हटलं, "गाळ. साफच करून टाक."

भावानं एकदा माझ्याकडं बघितलं. घरचाच आहे ना, असं विचारलं. मी व्हय म्हटलं. त्यानं मूस तापवली, टाकणखार टाकला, वर खडा. गारगोटी तडकली, माती टाकणखारात विरघळली आणि खाली सोन्याचा गोळा गोल होऊन थरथरायला लागला. खरं सोनं. चौऱ्याण्णव टंच निघालं, म्हणजे शंभरात चौऱ्याण्णव भाग सोनं; जमिनीतून असं येतं म्हणजे फार चांगलं. माझे डोळे भरले. मला वाटलं, आता जाऊन सांगतो, तुमचा मुलगा उगाच फिरत नव्हता.

संध्याकाळी मी ती गोल टिकली मखमली कागदात घालून अक्कांच्या हातावर ठेवली. म्हटलं, खरं होतं अक्का, बावीस कॅरेटच्या वर आहे. अण्णा खुर्चीतून उठून आले. अक्कांनी टिकली उलटी केली, सुलटी केली. त्यांचा अंगठा तिच्यावरून फिरत राहिला, घसरत राहिला. मग त्यांनी विचारलं, "खळगा कुठं गेला?"

मला तेव्हा कळलं.

मी काहीतरी बोललो, गाळावं लागतं, त्याशिवाय पोटातलं कळत नाही. त्या म्हणाल्या, ती लाल माती? मी म्हटलं, जळाली. अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला बाहेर नेलं. मला वाटलं, आता जा म्हणतील. मी मनातल्या मनात सामान बांधायलाही लागलो होतो. ते जीपला टेकून उभे राहिले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "गाडी सोडू नको, एवढं मी त्याला फोनवर दर वेळी सांगायचो. पाना कसा धरायचा ते नाही सांगितलं. ते तुला सांगितलं." मग म्हणाले, तू चुकलास, पण रागावायला मला जागा नाही. घरी जा, उद्या वेळेवर ये.

मी घरी गेलो नाही. परत बस धरून नगरत्पेटेत गेलो. गलाईवाला मूस फेकत नाही. फरशीवरचा केरसुद्धा वर्षभर पोत्यात साठवतो, त्यात कण असतात म्हणून. भाऊ शटर ओढत होता. मी कोपऱ्यातल्या फुटक्या मुशींतून ती शोधली. भाऊ म्हणाला, यात आता काय राहिलंय, वेडा झालास का? मग माझं तोंड बघून त्यानंच हातोडी दिली. मुशीच्या कडेला टाकणखाराची काच चिकटली होती, तपकिरी, मधे लालसर धार. ती माती त्यातच होती, दुसरीकडं कुठं जाणार? बोटाच्या पेराएवढा तुकडा निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का शेंगा सोलत बसल्या होत्या. मी तुकडा त्यांच्यासमोर ठेवला आणि सांगितलं, माती ह्यात आहे. सोन्याची टिकली देवापुढं ठेवलेली दिसत होती, तिला कुणी हात लावलेला दिसत नव्हता. अक्कांनी काच उचलली, उजेडाकडं धरली. लाल धार बघितली. मग मुठीत घेऊन त्यांनी त्यावर अंगठा ठेवला.

"टोचतंय," त्या म्हणाल्या. पण खाली ठेवलं नाही.

फुटलेली कड धारदार होती. माझ्या खिशात गॅरेजातला पॉलिश पेपर होता. मी म्हटलं, द्या अक्का, दोन मिनिटांत कड घासून गुळगुळीत करून देतो. आणि हात पुढं केला.

त्यांनी मूठ पदराखाली नेली. आवाज चढवला नाही, उलट जरा मायेनंच म्हणाल्या, "नको, तम्मा. आता त्याला काही करू नको."