एका दिवसापुरतं मोकळं रान

माझी सही फार सुंदर आहे. हे मी म्हणत नाही, आमच्या कचेरीतले सगळे म्हणतात. आधी एक उंच शेपटी, मग तीन वळणं, खाली दोन ठिपके. शाळेत असल्यापासून मी ती घोटत आलोय. घोटण्यासारखं दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून असेल. त्या सहीनं आयुष्यात एकच मोठं काम केलं, आणि ते काय ते सांगतो.

आमचं गाव करमाडच्या पुढं, जालना रोड सोडून आत. नोकरीपायी मी शहरात, गारखेड्याला बिऱ्हाड केलं, तरी शेत गावात, वडील गावात, त्यामुळं दर शनिवारी मीही गावात. शेंद्र्याच्या अंगाला कारखाने उभे राहिले तेव्हा आमच्याकडच्या सहा गावांनी आणि काही कारखानदारांनी मिळून एक संस्था काढली. नाव एवढं लांब की पाटीवर दोन ओळी लागायच्या. आम्ही नुसतं ‘भागीदारी’ म्हणायचो. कारखानदारांनी पैसा आणि ओळखी आणायच्या, गावांनी जागा आणि माणसं द्यायची, आणि दोघांनी मिळून या कोरडवाहू भागाचं भलं करायचं, असा मामला.

आमच्या गावातर्फे त्यात मला घेतलं. कारण? मी शर्ट खोचायचो आणि माईकसमोर घसा न खाकरता बोलू शकायचो. एवढ्या भांडवलावर माणूस अख्ख्या गावाचा प्रतिनिधी होतो, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

भागीदारीचे अध्यक्ष शहरातले एक कारखानदार होते. माणूस गोड. पारावर मांडी घालून पिठलं-भाकरी खायचे, वर मिरची मागून घ्यायचे. कचेरीत मला शिपाईसुद्धा ‘अहो’ म्हणायचा नाही, आणि हे भर सभेत म्हणायचे, “साहेब, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हे गाव पुढं जाणार, भाई!” दुसऱ्या बैठकीपर्यंत मी त्यांच्यासाठी विहिरीत उडी टाकायला तयार होतो. तिसऱ्या बैठकीत त्यांनी विहीर दाखवली. म्हणजे गायरान.

ओढ्यापलीकडचं ते बारा एकर माळरान. तिथं एक मोठी शेड होणार होती. कांदा निवडून प्रतवारी करायची, लोकर धुवायची-पिंजायची, गावच्या घोंगड्या थेट शहरात विकायच्या, पोरापोरींना शिलाई आणि वेल्डिंग शिकवायचं. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. ग्रामसभेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मागून एक आवाज आला, “आन् मेंढरं कुठं चारायची?”

तो माझा दोस्त होता. चौथीपर्यंत आम्ही एका फळीवर बसलो. मग तो मेंढरांच्या मागं गेला आणि मी फायलींच्या. गावाच्या कडेला त्याच्या भाऊबंदांची सात-आठ घरं. सगळ्यांच्या वतीनं तोच बोलायचा. त्याचा प्रश्न साधा होता. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत सगळ्यांच्या शेतात पीक उभं असतं. तेवढे दिवस मेंढरांनी तोंड घालायचं ते फक्त या माळावर. माळ गेला की कळप गेला.

अध्यक्ष हसले. “अर्धं रान तुमचंच राहील, पाहुणे. तळ्याकडं जायची वाटही राहील. अरे, लोकर तुमची, तर तुम्हाला कसं हाकलू?”

दोस्तानं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं. “तू काय म्हणतो गड्या?”

“मी हाय की,” मी म्हणालो. हे वाक्य आता आठवलं की मला स्वतःला एक ठेवून द्यावीशी वाटते.

“मंग व्हय,” म्हणाला, आणि खाली बसला. त्याच्या मागं त्याचे भाऊबंदही बसले.

महिन्याभरानं अध्यक्षांचा फोन आला. जागा बघायला मोठी माणसं येणार होती. “साहेब, साइट जरा साफसुथरी दिसू द्या. बाहेरचे लोक आहेत, इंप्रेशनचा सवाल आहे.”

आता आमच्याकडं पाहुणा येणार म्हटलं की आधी दारातलं जनावर मागं बांधतात, शेण उचलतात, सडा टाकतात. रीतच आहे ती. सोयरीक जमवायची असो नाहीतर तहसीलदार येणार असो, पाहुण्याला गोठ्याचा वास येऊ द्यायचा नाही. मी तीच रीत बारा एकराला लावली. आजवर दुसऱ्या कुणाला ही अक्कल सुचल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

दोस्ताला म्हणालो, “एक दिवस मेंढरं तळ्याच्या पल्याड ने.”

“कामून? पाव्हण्यांना मेंढरं चावत्यात का?”

“अरे, लेंड्या, वास, धूळ… एकच दिवस. दुसऱ्या दिवशी आण की परत.”

त्यानं मेंढरं नेली. मी सांगितलं नव्हतं तरी वाघूरही सोडली. वाघूर म्हणजे मेंढरांना रात्री ज्यात कोंडतात ते जाळं. त्याच्या खुंट्यांची भोकंसुद्धा त्यानं पायानं दाबून बुजवली. त्याच्या बायकोनं चुलीचे तीन दगड ओढ्यात टाकले आणि सगळी जागा खराट्यानं झाडली. झाडताना मला म्हणाली, “भावजी, तुमच्या लग्नात बी एवढं झाडलं नव्हतं.” आणि मी? मी पाण्याचा टँकर बोलावला. फुफाटा उडू नये म्हणून माळरानावर पाणी शिंपडलं! वडील लांबून काठीवर हनुवटी टेकून बघत होते. म्हणाले, “ह्याला शिकवलं तेच चुकलं.”

पाहुणे आले. चार गाड्या. हार झाले, नारळ झाले. दोस्तानं स्वतः विणलेली काळी घोंगडी आणली होती, ती प्रमुख पाहुण्यांच्या खांद्यावर टाकली. पाहुणे खूष. फोटो निघाले. पाहुण्यांबरोबर सरकारी फाइल घेऊन एक गृहस्थ आले होते. ते माळावर एक चक्कर मारून आले, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून काही लिहिलं, आणि म्हणाले, “पंच कोण? गावातला माणूस पाहिजे.”

विचारायची खोटी, मी पुढं. त्या वेळी मी चहाचे कप मोजत होतो, सहा कमी पडत होते, डोकं तिकडं. पण सही म्हटल्यावर हात आपोआप सरसावला. उंच शेपटी, तीन वळणं, दोन ठिपके. ते गृहस्थ म्हणालेसुद्धा, “वा!” मी लाजलो.

दुसऱ्या दिवशी मेंढरं माळावर परत आली आणि मी गारखेड्याला परतलो.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला एका सकाळी दोस्त माझ्या घरी आला. एरवी आला की आधी स्वयंपाकघरात डोकावून “वहिनी, काय हाय?” विचारायचा. त्या दिवशी दाराशीच उभा राहिला.

“भिंत घालायलेत,” म्हणाला.

“घालणारच. शेड व्हायचीय ना.”

“सगळ्या रानाला घालायलेत. तळ्याची वाट बी आत गेली. अर्धं कुठंय आपलं?”

मी हसलो. खरंच हसलो. गवंड्यांचा घोटाळा असेल, म्हणालो. अध्यक्षांना सांगितलं की आत्ता दुरुस्त होईल. त्याला स्कूटरवर मागं बसवून थेट त्यांच्या ऑफिसात नेलं. वाटेत मी त्याला सांगत होतो, की बघ, मला बघून कसे उठून उभे राहतात.

ते उठले नाहीत. फोनवर होते. आम्ही बसलो. बराच वेळ बसलो. फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही गॅसचं सिलिंडर घेऊन माणूस आलाय.

मी अर्ध्या रानाचं बोललो. ते म्हणाले, “ते सभेतलं बोलणं होतं हो. कागद वेगळा असतो. जागा पूर्ण मिळाली कारण ती रिकामी होती. वापरात असती तर आम्हालाच अर्धी मिळाली असती.”

“रिकामी? ह्यांची मेंढरं…”

“ते मला माहीत नाही. पंचनामा तुमचाच आहे, साहेब.” ‘साहेब’ अजून होतं, पण आता त्यात गोडवा नव्हता. खणातून त्यांनी झेरॉक्स काढून पुढं सरकवली.

दोस्ताला वाचता यायचं, पण अक्षर लावत लावत. त्यानं कागद माझ्याकडं केला. “वाच. काय लिवलंय?”

मी वाचलं. त्या थंडगार खोलीत, मोठ्यानं. ‘सदर जागेची समक्ष पाहणी केली असता तेथे जनावरे, वाघूर, चूल अथवा वहिवाटीची कोणतीही खूण आढळून आली नाही. जागा मोकळी व स्वच्छ आहे.’ खाली माझी सही. झेरॉक्समध्येसुद्धा दोन्ही ठिपके स्पष्ट आले होते.

मला वाटलं दोस्त ओरडेल. मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो कागदाकडंच बघत म्हणाला, “खरं हाय की. त्या दिवशी नव्हतीच मेंढरं.”

अध्यक्षांना दया आली असावी. म्हणाले, “हे बघा, ह्यांना आपण वॉचमन ठेवू. भिंतीच्या आत गुरं-ढोरं शिरू द्यायची नाहीत, बस. ह्यांना रानाची माहिती आहेच.”

दोस्त उठला. “मेंढरं हाकलायला मलाच ठिवता व्हय?” एवढंच बोलला आणि जिन्यानं खाली गेला. मी स्कूटरवर बस म्हटलं, तो चालत बसस्टँडकडं निघाला. मी काही अंतर शेजारून स्कूटर हळू चालवली. मागून रिक्षावाले शिव्या देत होते, त्या मी माझ्याच खात्यावर घेतल्या.

मग मी शहाणपणा केला. अर्ज केला. ‘पाहणीच्या दिवशी मेंढरे माझ्या सांगण्यावरून हलविली होती’ असं स्पष्ट लिहून दिलं. तहसील कचेरीतल्या माणसानं अर्ज दोनदा वाचला.

“म्हणजे पंचनाम्यात खोटं आहे?”

“नाही, खरं आहे.”

“सही तुमची नाही?”

“माझीच आहे.”

“मग तक्रार कुणाबद्दल आहे?”

मी अर्ज परत घेऊन बाहेर आलो. अध्यक्षांनी मला फसवलं हे सांगायला मला शब्द होते. पण फसवायला त्यांना काही खोटं बोलावं लागलं नव्हतं. जागा मोकळी करून, झाडून, वर पाणी शिंपडून मीच दिली होती. माझे वडील निजामाच्या वेळी उर्दूत शिकलेले. त्यांच्या हिशेबी जगात दोनच काळ, पोलिस ॲक्शनच्या आधीचा आणि नंतरचा. ते म्हणाले, “ॲक्शनच्या आधी रान घ्यायला माणसं घोड्यावर यायची, बंदूक घेऊन. तुम्ही चहा पाजून दिलं.”

शेड झाली. तिला कुलूप आहे. लोकर धुवायचं यंत्र आलं म्हणतात, मी पाहिलं नाही. भागीदारीच्या बैठका आता शहरात होतात आणि मला निरोप येत नाही. दोस्तानं त्या पावसाळ्यात निम्मा कळप विकला आणि उरलेला घेऊन वैजापूरकडं, सासुरवाडीला गेला.

आता आमच्या दोन घरांतली एक गोष्ट सांगायला हवी. सुगी झाली, शेतं रिकामी झाली की त्याची मेंढरं आमच्या शेतात आठवडाभर बसायची. लेंडीखत आम्हाला, बदल्यात ज्वारी आणि जेवण त्यांना. त्याच्या बापाच्या वेळेपासून हे चालत आलेलं. कधी कुणी आमंत्रण दिलं नाही की कबूल केलं नाही. एक दिवस घंटा ऐकू यायच्या, एवढंच. पुढच्या उन्हाळ्यात तो उरलेला कळप घेऊन वैजापूरकडून परत आला. घंटा ऐकू आल्या, पण आमच्या बांधाशी थांबल्या नाहीत. वडील रोज बांधावर जाऊन बसायचे. शेवटी मीच शोधत गेलो. तो दोन शेतं पलीकडं वाघूर लावत होता.

“आमच्याकडं चल की,” मी म्हणालो. “आबा वाट बघतात.”

“येतो,” तो लगेच म्हणाला. मला एवढं हलकं वाटलं की सांगता येत नाही. मग म्हणाला, “पर कागद कर.”

“कसला?”

“मेंढरं बसली म्हून. किती, कुणाची, कुठं. लिव आन् सही कर. तुझी सही लई चालती.”

तो चिडवतोय असं वाटून मी हसायला लागलो. तो हसत नव्हता. दुपारी आमच्या शेतात कळप आल्यावर त्यानं मला एकेक मेंढी मोजायला लावली. कोकरं वेगळी, मेंढे वेगळे. मी वहीतलं पान फाडून सगळं लिहिलं, खाली सही केली. या वेळी ठिपके द्यायचं मी विसरलो. मग पान मोठ्यानं वाचायला घेतलं.

“नाय, तू नको,” त्यानं पान माझ्या हातातून काढून घेतलं आणि लिंबाखाली बसलेल्या माझ्या वडलांपुढं धरलं. “आबा, तुमी वाचा.”

वडलांना मराठी अक्षरं कधीच नीट लागली नाहीत. चष्मा पुसून ते एकेक शब्द बोट ठेवून वाचू लागले. फार वेळ लागला. तोवर आम्ही दोघं उन्हात उभे होतो, आणि तो माझ्याकडं न बघता त्यांच्या बोटाकडं बघत होता.