सासऱ्यांच्या कॉफीतली भेसळ

माझ्या सासऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. ते अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेचे प्रमुख होते. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी बदलापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांची तपासणी चालूच होती. आमटीतलं मीठ, भाताचं शीत, माझी ऑफिसातून यायची वेळ, सगळ्यावर त्यांचा शेरा असायचा. "नापास" हा त्यांचा आवडता शब्द.

तरुणपणी म्हैसूरला नोकरी केल्यामुळे त्यांना फिल्टर कॉफी लागायची. घरात आम्ही सगळे चहावाले. तरी दिवसाचे चार कप कॉफी मीच करायची, सुट्टी नसेल तेव्हा सकाळीच कॉफीचा काढा, म्हणजे डिकॉक्शन, काढून फ्रीजमध्ये ठेवून जायची. "पावडर दाबू नकोस, नुसती सारखी कर." रोज हेच. जणू मी कालच या घरात आले होते.

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत धडधड व्हायला लागली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, पण कॉफी निम्म्यावर आणा. घरी येऊन चप्पल काढता काढता सासरे म्हणाले, "कालचं पोर. मला कॉफी शिकवतंय."

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "बाबा, आजपासून दोनच कप करते."

"करायची नसेल तर तसं सांग. कारणं नकोत."

नवरा तिथेच होता. "तुमचं तुम्ही बघा," म्हणाला आणि ड्युटीवर गेला.

मग मी बघितलं. उल्हासनगरला एका सिंधी दुकानदाराकडे बिनकॅफिनची पावडर मिळाली. "भाभी, आधा ये, आधा रोज का," तो म्हणाला. "ऊपर से थोडी चिकोरी डालो, कड़वापन आ जाएगा." चिकोरी म्हणजे भाजलेल्या मुळाची भुकटी. तिच्यात कॅफिन नसतंच.

पहिले दोन दिवस कॉफी पातळ लागली, पण ते फक्त दुधाला नावं ठेवून गप्प बसले. तिसऱ्या दिवशी मी एक चमचा पावडर वाढवली आणि काढा अगदी सावकाश, थेंब थेंब उतरू दिला. त्यांनी घोट घेतला. थांबले.

"आज जमली," ते म्हणाले.

लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि मी पहिल्यांदा पास झाले होते.

हे सगळं काळजीपोटी केलं असं म्हटलं तर बरं दिसेल. काळजी होती, चिमूटभर. बाकीचा आनंद त्यांना फसवल्याचा होता. ज्या जिभेच्या जोरावर त्यांनी मला इतकी वर्षं छळलं, तिला कॉफी ओळखता येत नव्हती. धडधडही कमी झाली होती, पण मला मजा येत होती ती दुसऱ्याच गोष्टीची. एका रविवारी फोनवर बहिणीला मी हे रंगवून सांगत होते. "अगं, मिटक्या मारत पितात. जीभ कधीच गेलीय कामातून!" आम्ही दोघी खूप हसलो. वळले तर दारात सासरे उभे. हातात रिकामा कप.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"तीन आठवडे."

"डबा दे."

मी डबा दिला, त्यात काय किती मिसळलंय तेही सांगितलं. त्यांनी पावडर हुंगली, जिभेवर ठेवली. चेहरा पांढरा पडला.

"डॉक्टरांनी सांगितलं होतं," मी म्हटलं.

"मला सांगितलं होतं. माझ्या तोंडात काय जातं ते माझ्या मागे ठरवणारी तू कोण?"

"आणि माझ्या हातच्या प्रत्येक घासाला नापास करणारे तुम्ही कोण?" माझा आवाज चढला. "तुमच्या जिवासाठी केलं ना!"

"जिवासाठी केलंस," ते म्हणाले, "मग हसत का होतीस?"

ते डबा घेऊन खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी नवा फिल्टर आणला. छोट्या काट्यावर वजन करून पावडरी मिसळल्या आणि प्रमाणाचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. निम्मी साधी, निम्मी बिनकॅफिनची, वर चिकोरी. माझंच प्रमाण, ग्रॅममध्ये लिहिलेलं. कपही चाराचे दोन केले. पुढच्या तपासणीत डॉक्टर खूश झाले. "मी स्वतः प्रमाण बसवलं," सासरे म्हणाले. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते.

आता ते माझ्या हातचं पाणीही पीत नाहीत, स्वतः ओतून घेतात. जेवतात, पण शेरा नाही. हीच शांतता मी चौदा वर्षं मागत होते, आणि खरं सांगायचं तर ती मला आवडतेही.

एकदा मात्र मी माफी मागायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. पावडरीबद्दल नाही, हसण्याबद्दल. ते दूध तापवत होते. मागे न बघताच म्हणाले, "माझं व्हायचंय अजून. नंतर ये."

मी परत फिरले. नंतर गेले नाही.