अकरा पिढ्या आणि एक रिकामा चौकोन

जालन्यातल्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवायचो. म्हणजे धडा मराठीत सांगायचो आणि मस्तगड मोहल्ल्यातली निम्मी पोरं तो हिंदीत समजून घ्यायची. नव्वदच्या आसपास एकदा हेडमास्तरांनी जाड लिफाफा माझ्यापुढं टाकला. वर नुसतं 'इंग्रजीचे शिक्षक, जालना' एवढंच. ते मीच, असं हेडमास्तरांनी ठरवून टाकलं होतं, कारण आतलं त्यांना वाचता आलं नव्हतं.

पत्र स्कॉटलंडहून होतं. सत्तरी ओलांडलेली एक निवृत्त शिक्षिका आपलं घराणं शोधत होती. सोबत तिनं हातानं काढलेली वंशावळ. पट्टीनं मारलेल्या रेघा, चौकोन, चौकोनांत नावं. नातं पक्कं असेल तिथं सरळ रेघ, शंका असेल तिथं तुटक. अख्ख्या कागदावर तुटक रेघ एकच होती आणि ती जालन्यात येऊन थांबत होती. तिचे पणजोबा इथल्या इंग्रजांच्या छावणीत शिपाई होते. त्यांनी इथल्याच एका बाईशी लग्न केलं असावं आणि तिचे आजोबा त्या बाईच्या पोटचे असावेत, असा तिचा अंदाज. ती बाई कोण, हे तिला हवं होतं. 'नाव तेवढं मिळालं तरी पुरे,' असं लिहिलं होतं. तेवढं म्हणे!

आमच्याकडं लोक जुने कागद काढतात ते फक्त बांधाच्या भांडणासाठी. मेलेल्या माणसांसाठी कुणी एवढा त्रास घेतं, हे मला नवीन होतं. तरी सायकल काढून मी छावणीच्या बाजूला एका जुन्या चर्चमध्ये गेलो. म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी लग्नांची वही उघडली. शिपाईबुवा सापडले. त्यांचं पूर्ण नाव, गाव, बाप, पलटण, सगळं झोकात. शेजारी बायकोचं बाप्तिस्म्याचं नाव आणि पुढं दोनच शब्द, 'इथली बाई.'

"आधीचं नाव?" मी विचारलं.

"नवं दिल्यावर जुन्याचं काय काम, मास्तर? कोन लिहून ठिवतं?"

मी पत्रात त्या वहीची यथेच्छ टिंगल केली. माणसाचं नाव पुसून टाकणारे हे कसले लोक, वगैरे. इंग्रजीत राग फार छान लिहिता येतो, असं मला तेव्हा वाटायचं. स्कॉटलंडच्या बाईंनी आभार मानले. लग्न झालं हे कळलं, पण मूल तिचंच होतं याचा पुरावा नाही, म्हणून रेघ तुटकच ठेवते, असं कळवलं. आणि माझ्या कष्टांच्या बदल्यात तुमच्या घराण्याची वंशावळ काढून देते म्हणाल्या.

हे ऐकून आमचे वडील खुर्चीत सावरून बसले. घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारा भाट पोथी घेऊन दर काही वर्षांनी यायचा. त्याच्याकडून वडिलांनी अकरा पिढ्या उतरवून घेतल्या होत्या. "बराबर लिहून धाड. म्हणाव, तुमच्या चार अन् आमच्या अकरा!"

दोन महिन्यांनी अकरा पिढ्या काळ्या शाईत, सुबक अक्षरात परत आल्या. प्रत्येक पुरुषाशेजारी एक रिकामा चौकोन होता. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'यात एकही आई नाही. आमच्याकडं थडग्यावरसुद्धा बाईचं जन्माचं आडनाव कोरतात, म्हणून तिचं माहेर सापडतं. तुम्ही निदान एक चौकोन भरा. तुमच्या आईला तर विचारता येईल. जन्माचं नाव लिहा.'

"अकरा पिढ्या झाल्या, कुनाचं काही आडलं का?" वडील म्हणाले. खरंच होतं. आमच्यात अकरा पुरुषांनी एकमेकांना बिनबोभाट जन्म दिला होता.

मी झटकन पेन उघडलं, राशन कार्डावरचं आईचं नाव लिहायला. मग 'जन्माचं' हा शब्द परत दिसला आणि हात थांबला. चाळिशीला टेकलेला मी, पाद्रीबाबांच्या वहीला नावं ठेवून मोकळा झालेला, आणि हे मला माहीत नव्हतं. लाज वाटली, भरपूर वाटली.

आई आत सुपात तुरीची डाळ निवडत होती.

"लग्नाआधी तुझं नाव काय होतं?"

"कशाला? राशन कार्डावर काही चुकलंय का?" मग बोटं थांबली. "मही थोरली जाऊ त्याच नावाची व्हती. एका हाकेला दोघी ओ द्यायला लागलो. मंग सासूनं तिसऱ्याच दिशी महं बदललं."

"जुनं कोणतं?"

तिनं आधी वडिलांच्या खुर्चीकडं बघितलं. मग हळू आवाजात सांगितलं. "माय-बाप गेल्यावर कोनी घेतलंच न्हाई. टेंभुर्णीचे तुहे मामा धाकटे, ते अक्काच म्हणतेत."

मी ते नाव वडिलांशेजारच्या चौकोनात लिहिलं. वडिलांनी चष्मा लावून कागद तपासला आणि त्या चौकोनावर बोट ठेवून विचारलं, "ही कोन?"

मी कागदाची घडी करून स्कॉटलंडच्या लिफाफ्यात घातली.

बाईंचं पुढचं पत्र आलं तेव्हा आईनं ते वाचून दाखवायला लावलं. माझ्याबद्दल काय लिहिलंय ते सांग, म्हणाली. मी वर्गात वाचतो तसं ठसक्यात, एकेक ओळ मराठी करत वाचू लागलो. 'माझ्या पणजीचं आधीचं नाव आता मिळणार नाही, माझी रेघ तुटकच राहील. पण जालन्याच्या एका बाईचं जन्माचं नाव माझ्या कागदांत आहे, आणि ते मी मोठ्यानं उच्चारून पाहिलं.' पुढं ते नाव होतं. आईचं नाव मुलानं घ्यायची आमच्यात रीत नाही. क्षणभर अडखळलो आणि वाचलं.

सुपावरची मान वर न करता आई म्हणाली, "ओ."