कार्ड भरलेलं, वाचन दोन ओळींचं

चौथीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात मी एका मुलाच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं, उलटं केलं आणि परत दिलं, तर तो वाचतच राहिला. बोट ओळीवरून सरकतंय, मान डोलतेय, सूर बरोबर लागलाय आणि पुस्तक उलटं. वर्ग हसला नाही, कारण वर्गाला त्यात हसण्यासारखं काही दिसलंच नाही. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसायची. तिसरीत असतानाच शेजारच्या चौथीचे धडे कानावर पडून पडून पोरांना पाठ झालेले असत. पाठ झालं की झालं वाचन. मी फळ्यावर पुस्तकाबाहेरची एक साधी ओळ लिहिली, 'आज आमच्या गाईला गोऱ्हा झाला.' ती एकालाही धड वाचता येईना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, शाळा नुकत्याच जिल्हा परिषदेकडे आल्या होत्या आणि मी बुलढाण्याहून ट्रेनिंग करून आलेला कोरा करकरीत मास्तर होतो. गाव वरवट बकालच्या पुढचं, नाव सांगत नाही. शाळेत शिक्षक दोनच, एक मी आणि दुसरे मुख्याध्यापक. त्यांना सगळं गाव बडे गुरुजी म्हणायचं. गावचं पोस्टही त्यांच्याकडेच होतं. शाळेच्या ऑफिसात एका टेबलावर हजेरीपट आणि दुसऱ्यावर टपाल. आलेल्या टपालावर शिक्का मारायचं काम त्यांनी आल्या आल्या माझ्या गळ्यात घातलं. कार्डं वाटायला मात्र ते स्वतः बसायचे. बहुतेकांना वाचता येत नव्हतं, म्हणून कार्ड हातात ठेवण्याआधी तेच वाचून दाखवायचे. बायका ऑफिसच्या ओट्याखाली उभ्या राहून, पदर सावरून ऐकायच्या.

त्या उलट्या पुस्तकानंतर मी ठरवलं की ही पाठांतराची गाडी इथेच थांबवायची. एक वही शिवली. चौथीतल्या प्रत्येकाला सांगितलं, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तू स्वतःच्या डोळ्यांनी काय वाचून काढणार ते तूच ठरव आणि मला सांग. अट एकच, ते पाठ्यपुस्तकात नसावं. पोरं आधी गोंधळली. काय वाचायचं ते आपण ठरवायचं, ही गोष्टच त्यांना खरी वाटेना. मग एकेक जण बोलायला लागला. कुणाला एस.टी.ची पाटी वाचायची होती. एकाला बियाण्याच्या पोत्यावर काय छापलंय ते हवं होतं. एकीला आजीसमोर श्रावणातली पोथी वाचायची होती, तीही न अडखळता. शाळेच्या कपाटात सिंहाचं चित्र असलेलं एक पुस्तक होतं, काचेतून दिसायचं, ते तिघांनी मागितलं. त्या कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली बडे गुरुजींच्या जानव्याला.

शेवटच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. अंगानं किरकोळ, वर्गात फारसं न बोलणारी. बाप नव्हता. आई थोरल्या दिराच्या मळ्यात वांगी-मिरच्या तोडायची. घरात या दोन बहिणी, मोठी आणि धाकटी. मोठीचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं. दिरानंच, म्हणजे मुलींच्या मोठेबाबानं, जमवलं होतं, पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, साखरखेर्ड्याकडे. धाकटी म्हणाली, "मले ताईचं कार्ड वाचाचं हाये."

मी म्हटलं, कार्ड तर बडे गुरुजी वाचून दाखवतात ना.

"कार्ड तं खालपर्यंत भरेल होतं गुरुजी," ती म्हणाली. "अन् बडे गुरुजीनं वाचलं तं दोन ओळीतच सरलं. काऊन?"

दहा वर्षांची पोर. अक्षर येत नव्हतं, पण कार्डावर शाई किती आहे आणि कानावर शब्द किती पडले याचा हिशेब तिनं बरोबर लावला होता. मी तिच्या नावापुढे लिहून घेतलं, 'ताईचे कार्ड'. आणि खाली मान घालून पुढच्या मुलाकडे वळलो, कारण ते काऊनचं उत्तर मला ठाऊक होतं.

ते कार्ड चारच दिवसांपूर्वी आलं होतं आणि त्याच्यावर शिक्का मीच मारला होता. कार्ड उघडंच असतं, नजर जातेच. वरच्या दोन ओळी मायन्याच्या होत्या. 'तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार. इकडील सर्व खुशाल आहे, तिकडील खुशाली कळवावी.' पत्राची सुरुवात अशीच करायची असते, हे मोठीला याच शाळेत चौथीत बडे गुरुजींनी शिकवलं होतं. तिनं मायना जसाच्या तसा उतरवला होता आणि त्याच्या खाली, पेन्सिलीनं, अक्षराला अक्षर चिकटवून लिहिलं होतं, 'माय मले घ्याले ये. इकडं मले मारते. ढोराच्या कोठ्यात निजवते. मोठेबाबाले सांगू नको तूच ये.' बडे गुरुजींनी आईला वरच्या दोन ओळी वाचून दाखवल्या आणि कार्ड हातात दिलं. आईनं ते डोक्याला लावलं आणि घरी जाऊन तारेला टोचलं. सर्व खुशाल.

मी तेव्हाच ऑफिसात विचारलं होतं की पुढचं का वाचलं नाही. बडे गुरुजींनी मला समजावलं, रागावून नाही, अगदी प्रेमानं. मोठेबाबांचा निरोप होता म्हणे, बाई हळवी आहे, तिला उगाच डोक्याला ताप नको, नवी नवी सून आहे, वर्षभरात रुळेल. आणि वर म्हणाले की आपण खोटं कुठं बोललो, जे लिहिलंय तेच वाचलं. या शेवटच्या वाक्याचा मला आज इतक्या वर्षांनीही संताप येतो. खोटं बोलणारा माणूस निदान खोटं बोलण्याचे कष्ट तरी घेतो. यांनी तेवढेही घेतले नाहीत.

आता माझी वही त्यांच्या हातात पडली. त्यांनी ती सगळी वाचली आणि लाल शाईनं एकेक ओळ खोडली. पाटी, पोतं, पोथी, सिंहाचं पुस्तक, सगळं. प्रत्येकापुढे एकच लिहिलं, 'पाठ्यपुस्तक, पूर्ण'. उद्या डिप्टी साहेब तपासणीला आले आणि त्यांनी विचारलं, तर पोरं काय एस.टी.ची पाटी वाचून दाखवणार आहेत का, असं त्यांचं म्हणणं. धाकटीच्या ओळीवर त्यांनी दोनदा रेघ मारली, इतकी दाबून की कागद फाटला. म्हणाले, "मास्तर, पोस्टाचं काम वेगळं अन् शाळेचं वेगळं. मिसळू नका."

आणि मी मूग गिळून बसलो. नोकरी नवी होती, माझ्याबद्दलचा शेरा त्यांनीच लिहायचा होता, मोठेबाबांच्या घरून मला रोज दूध येत होतं. कारणं तेव्हा फार मोठी वाटली होती. आता लिहून पाहिली तर एका ओळीत मावली.

मग मी केलं काय? उघड तोंड उघडायचं धाडस नव्हतं, म्हणून आडून उद्योग सुरू केला. शाळा सुटल्यावर धाकटीला थांबवून घ्यायचो. छापील अक्षर तिला कसंबसं यायला लागलं, पण हातानं लिहिलेलं लागेना. पुस्तकातला 'ख' वेगळा आणि माणसाच्या हातचा वेगळा, त्यात 'र' आणि 'व' एकमेकांना चिकटले की ती रडकुंडीला यायची. मी रोज चिठ्ठ्या लिहायचो, कधी माझ्या वाकड्या अक्षरात, कधी मुद्दाम गिचमिड करून. दुकानदाराकडून यादी लिहून आणायचो, तलाठ्याच्या हातचा कागद आणायचो. ती बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक अक्षर सोडवायची. तारेवरचं कार्ड तिनं मला एकदाही आणून दाखवलं नाही. एकदा मीच म्हटलं, आण, मी वाचून दाखवतो. तिनं मान हलवली. वाचून दाखवणाऱ्यांवरचा तिचा विश्वास उडाला होता आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

पोळ्यानंतर दुसरं कार्ड आलं. नवरात्रात तिसरं. तिन्हींवर तोच मायना, तिन्हींवर माझा शिक्का, तिन्ही वेळा ओट्यावरून सर्व खुशाल. तिसऱ्या कार्डात अक्षर इतकं वेडंवाकडं झालं होतं की मलाही दोनदा वाचावं लागलं. दर वेळी मी रात्री तळमळायचो आणि सकाळी स्वतःला समजवायचो, पोर शिकतेय, आता आठ-पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे, मग तीच वाचेल आणि माझ्यावर काही येणार नाही. तो माझा निव्वळ भेकडपणा होता आणि पुढं कित्येक वर्षं मी त्याला माझं अध्यापन म्हणत आलो. शिक्षकांच्या मेळाव्यात कौतुकानं सांगितलेलंही आहे. लाज वाटायला हवी होती.

दिवाळीची सुट्टी लागायला दोन दिवस होते. दुपारी धाकटी आईला घेऊन ऑफिसपाशी आली. आई नेहमीसारख्या ओट्याखाली थांबल्या नाहीत, वर चढल्या. त्यांनी पहिलं कार्ड बडे गुरुजींच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "वाचून दाखवा जी."

जुनं कार्ड आहे, वाचलंय की, असं बडे गुरुजी म्हणाले. आई हलल्या नाहीत. मग त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं, नमस्कार, इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली. कार्ड खाली ठेवलं.

धाकटीनं ते उचललं. बडे गुरुजी जिथं थांबले होते, बरोबर तिथं तिनं बोट ठेवलं आणि वाचायला लागली. मा-य. म-ले. घ्या-ले. ये. चौथीचा सूर नाही, डोलणं नाही. एकेक अक्षर दगडासारखं उचलून खाली ठेवत होती. ढोराच्या कोठ्यात या शब्दांपाशी अडली, मागे गेली, पुन्हा वाचलं. मोठेबाबाले सांगू नको, हेही वाचलं. दारात पोरं गोळा झाली होती. मी माझ्या टेबलाशी उभा होतो, हातात शिक्का घेऊन.

बडे गुरुजी म्हणाले, तुमच्याच भल्यासाठी केलं, घरच्या थोरल्यांनी सांगितलं होतं. आईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कार्ड कमरेला खोचलं, पोरीचा हात धरला आणि तशाच एस.टी.च्या फाट्याकडे निघाल्या. घरी गेल्या नाहीत, दिराला विचारलं नाही. साखरखेर्ड्यापर्यंत दोन ठिकाणी गाडी बदलावी लागते आणि त्या बाई शेगावच्या पलीकडे कधी एकट्या गेल्या नव्हत्या. पुढं कळलं की दोन्ही ठिकाणी पाट्या धाकटीनंच वाचल्या.

मला त्या दिवशी काय वाटलं ते खरं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही. मला अभिमान वाटला. सुट्टीत बुलढाण्याला घरी गेलो तेव्हा मी माझ्या आईला आणि मित्रांना हीच गोष्ट सांगत सुटलो होतो, मी शिकवलं, माझ्या विद्यार्थिनीनं ठरवलं ते करून दाखवलं. बडे गुरुजींना चार शिव्या घातल्या आणि छाती पुढं काढून फिरलो.

सुट्टीनंतर परतलो आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. मोठेबाबांनी आईंचं मळ्यातलं काम बंद केलं होतं, माय-लेकी दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जात होत्या. मोठी आली होती. अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती, सतरा-अठरा वर्षांची, हाडं वर आलेली. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, तुझं कार्ड तुझ्या धाकट्या बहिणीनं वाचलं बरं का. तिनं मान वर केली नाही. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.

"त्या अंगानं नोका बोलू," आई चुलीपासून म्हणाल्या. "तो कान गेला तिचा. दसऱ्याच्या वख्ती मारलं, तवापासून ऐकू येत नाई."

मी दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो. पहिलं कार्ड शाळा उघडल्यावर आलं होतं. मधे श्रावण गेला, पोळा गेला, गणपती गेले. तेवढ्या दिवसांत मी तिच्या बहिणीला 'र' आणि 'व' वेगळे ओळखायला शिकवत होतो.

आईंनी विचारलं, "कार्डावर ठप्पा तुमीच मारत होते म्हन्ते पोरगी. मंग वाचत असान."

मी म्हटलं, "वाचत होतो."

"पोरीले वाचाले शिकवलं, ते उपकार हायेत तुमचे," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "पन तवाच तोंडानं सांगतलं असतं तं तिचा कान वाचला असता."

मग त्यांनी माझ्यापुढं चहा ठेवला.