आईची पाठमोरी बाजू

मी दुकानांचे बोर्ड रंगवणारा, आठवीतच शाळा सोडलेला. या परक्या शहरातल्या मातीकामाच्या कार्यशाळेत मला बसू दिलं, हेच उपकार.

आईचा चेहरा घडवत होतो. शिकवणाऱ्या ताईंनी मातीखालचा फिरता पाट वळवला; मागची बाजू नुसती सपाट. "अरे, तू मातीत चित्रच काढलंस की! मागं आई कुठाय?" सगळे हसले, मीही हसलो. पण तिचा कान कसा, मानेवर केस कुठं संपतात, काहीच आठवेना. लांब राहिलं की माणूस फोनमध्ये दिसतं तेवढं, समोरूनच उरतं बहुतेक.

घाबरून तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. "आई, जरा पाठमोरी हो ना."

"फोटू काढतोस व्हय? थांब," म्हणत ती लाजली. डोक्यावरून पदर नीट ओढून घेतला आणि मगच वळली.